रेडिसमधली लिस्ट: मोंढ्याच्या गेटवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिस हा मेमरीत चालणारा की-व्हॅल्यू डेटाबेस, आणि लिस्ट म्हणजे त्यात क्रमाने ठेवलेली यादी. लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची प्रोजेक्ट करणारी मुलं आणि आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे मित्र या लिस्टबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच: सोयाबीनच्या हंगामात मोंढ्याच्या गेटवर ट्रॅक्टर येतो, त्याला टोकन मिळतं आणि नंबर लागला की तो वजनकाट्यावर जातो. कमांड मी देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे लागतील, आणि मधली रेघ द्यायची नाही: आर-पुश म्हणजे RPUSH.

की-व्हॅल्यू डेटाबेस म्हणजे एका कीला एक व्हॅल्यू. त्यात लिस्ट कशाला?

कारण ती एक व्हॅल्यू नुसता मजकूर असली, तर तिच्यात भर घालायचं काम तुमच्या कोडवर येऊन पडतं. समजा, टोकनांची यादी एका स्ट्रिंगमध्ये स्वल्पविराम देऊन ठेवली. पुढच्या गेटवरच्या ऑपरेटरच्या प्रोग्रामने ती वाचली, त्याच क्षणी मागच्या गेटवरच्यानेही वाचली. दोघांनी आपापलं टोकन शेवटी जोडलं आणि यादी परत लिहिली. ज्याने नंतर लिहिली त्याची राहिली, दुसऱ्याचा ट्रॅक्टर यादीतून गायब. तो शेतकरी मग दुपारभर उन्हात उभा राहणार आणि शिव्या ऑपरेटरला बसणार.

२००३ सालच्या मेमकॅश्डसारख्या साध्या कॅशमध्ये यावर उपाय आहेत, पण वाचा, तपासा, लिहा, नाही जमलं तर पुन्हा वाचा, हा सगळा खटाटोप आपणच करायचा. इटलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये रेडिस आणलं, त्यात व्हॅल्यूचा प्रकार सर्व्हरलाच ठाऊक असतो. ‘या यादीच्या शेवटी हे जोड’ एवढंच तुम्ही सांगता, जोडणी सर्व्हर करतो. आणि तो कमांड एकामागून एक चालवत असल्यामुळे दोन गेटवरून एकदम आलेली टोकनं एकमेकांना पुसत नाहीत. दोन काट्यांनी एकाच वेळी पुढचं टोकन मागितलं तरी दोघांना एकच टोकन मिळणं शक्य नाही. त्यासाठी लॉक वगैरे काही लावावं लागत नाही.

टोकन घालायचं कुठून आणि काढायचं कुठून?

लिस्टला दोन टोकं: डावं आणि उजवं. रांग हवी असेल तर एका टोकाने घाला, दुसऱ्याने काढा.

आर-पुश आवक १४१ १४२ १४३

उत्तर येतं ३, म्हणजे आता लिस्टची लांबी. ‘आवक’ नावाची की आधी नसली तरी चालते, ती आपोआप तयार होते.

एल-पॉप आवक

उत्तर १४१. जो आधी आला तो आधी गेला. त्याऐवजी आर-पॉप केलं असतं तर १४३ मिळालं असतं, म्हणजे शेवटी आलेला पहिला. ‘अनडू’सारख्या सोयीसाठी ते ठीक आहे, मोंढ्यात केलंत तर मारामारी होईल.

एका गोष्टीत बरेच जण फसतात. एल-पुश आवक १४१ १४२ १४३ असं दिलं तर लिस्टमध्ये क्रम १४३, १४२, १४१ असा बसतो. प्रत्येक घटक एकेक करून डाव्या टोकाला ढकलला जातो, म्हणून शेवटचा सगळ्यात पुढे. हा बग नाही.

कमांडमधला ‘एल’ म्हणजे लेफ्ट ना? मग आर-रेंज का नाही?

एल-पुश, एल-पॉपमधला एल म्हणजे लेफ्ट. एल-रेंज, एल-लेन, एल-इंडेक्स, एल-रेममधला एल म्हणजे लिस्ट. पाठ करून टाका, पुढे चला.

पूर्ण यादी कशी बघायची?

एल-रेंज आवक ० -१. मोजणी शून्यापासून होते, आणि उणे एक म्हणजे शेवटचा घटक, उणे दोन म्हणजे शेवटून दुसरा. दोन्ही टोकं धरली जातात, म्हणून ० ते ९ मागितलं की दहा घटक येतात. पायथॉनची सवय असलेले इथे हमखास एकाने चुकतात. लिस्ट लहान असून मोठा आकडा दिला तर एरर येत नाही, जेवढं आहे तेवढं मिळतं.

लिस्ट लाखाच्या घरात गेली की मात्र ही कमांड जपून वापरा. सर्व्हर एका वेळी एकच कमांड चालवतो, त्यामुळे तुमचं लाखभर घटकांचं उत्तर तयार होईपर्यंत बाकी सगळे खोळंबतात. स्क्रीनवर पन्नास ओळी दाखवायच्या असतील तर पन्नासच मागा. नुसता आकडा हवा असेल तर एल-लेन आहे, ते लांबी कितीही असली तरी झटकन उत्तर देतं.

शेतकरी विचारतो, ‘माझा नंबर कितवा?’ ते लिस्टमधून सांगता येतं का?

येतं. आवृत्ती ६.०.६ पासून एल-पॉस आहे: एल-पॉस आवक १४३ दिलं की जागा मिळते. पण ती शोधायला सर्व्हर डावीकडून एकेक घटक तपासत जातो. दोनशे टोकनांत काही कळणार नाही. दोन लाखांत, आणि तेही दर मिनिटाला शंभर शेतकरी मोबाइलवरून विचारत असतील, तर कळेल.

लिस्ट हा टोकांचा प्रकार आहे. टोकाला घालणं आणि टोकावरून काढणं यांचा वेळ लांबीवर अवलंबून नसतो. दहा घटक असोत की दहा लाख, तेवढाच. मधल्या कुठल्याही घटकाशी काम पडलं की चालत जावं लागतं. एल-इंडेक्स, एल-सेट, एल-इन्सर्ट, एल-रेम या सगळ्या मधल्या कामाच्या कमांड आहेत आणि सगळ्यांना हाच नियम लागू. त्या आहेत म्हणून आपली सगळी गरज त्यांवर उभी करू नका. डिझाइन करताना स्वतःला विचारा, की आपल्याला मधलं काही वारंवार लागणार आहे का. ‘नंबर कितवा’ हाच मुख्य प्रश्न असेल तर सॉर्टेड सेट घ्या, म्हणजे प्रत्येक घटकाला एक आकडा (स्कोर) देऊन त्या क्रमाने लावलेला संच: टोकन क्रमांक हाच स्कोर, आणि झेड-रँक कमांड जागा सांगते, तीही पूर्ण यादी न चाळता. मला विचाराल तर प्रोजेक्टमधल्या निम्म्या लिस्ट खरं म्हणजे सॉर्टेड सेट असायला हव्या होत्या.

एल-रेमबद्दल एक टीप. त्यातला आकडा धन असेल तर डावीकडून तेवढे जुळणारे घटक जातात, ऋण असेल तर उजवीकडून, आणि शून्य दिलं तर जुळणारे सगळेच जातात. शून्य म्हणजे ‘काहीच नको’ असं समजून कोणी दिलं की पुढे काय होतं ते सांगायला नको.

आत हे साठवलं कसं जातं? लिंक्ड लिस्टच ना?

पूर्वी दोन प्रकार होते. लहान लिस्टसाठी झिपलिस्ट, म्हणजे सगळे घटक मेमरीत एकाला एक चिकटवून. मोठ्या लिस्टसाठी खरीखुरी दुहेरी लिंक्ड लिस्ट. लिंक्ड लिस्टची अडचण अशी की तीन अक्षरांच्या टोकनालाही मागचा-पुढचा पत्ता सांभाळायला सोळा बाइट लागतात. मालापेक्षा बारदान जड!

२०१६ च्या ३.२ आवृत्तीत क्विकलिस्ट आली. देवगिरी एक्स्प्रेस डोळ्यासमोर आणा: डबे एकमेकांना जोडलेले, पण प्रत्येक डब्यात माणसं दाटीवाटीने बसलेली. क्विकलिस्टमध्ये नोड एकमेकांना जोडलेले असतात आणि प्रत्येक नोडमध्ये बरेच घटक सलग ठेवलेले असतात. मधला घटक शोधताना नको असलेला नोड त्यातली संख्या पाहून अख्खाच ओलांडता येतो. ७.० पासून (२०२२) झिपलिस्टची जागा लिस्टपॅक या तशाच सलग मांडणीने घेतली. नोडचा आकार मूळ सेटिंगमध्ये ८ किलोबाइट असतो. कॉन्फिग फाइलमध्ये तो -२ असा लिहिलेला दिसतो. मधले नोड कॉम्प्रेस करून ठेवायचीही सोय आहे, दोन्ही टोकं मात्र उघडी राहतात, कारण वर्दळ तिथेच असते. ही सोय मुळात बंद असते, आणि आपल्यासारख्यांना ती चालू करायची गरज सहसा पडत नाही.

तुमची लिस्ट आत्ता कुठल्या रूपात आहे ते बघायचं तर ऑब्जेक्ट एन्कोडिंग आवक ही कमांड द्या. ७.२ आणि पुढच्या आवृत्तीत लहान लिस्टला ‘लिस्टपॅक’ असं उत्तर येईल, मोठीला ‘क्विकलिस्ट’.

संध्याकाळी सगळी टोकनं संपली आणि की-च नाहीशी झाली. डेटा गेला का?

नाही. रेडिसमध्ये रिकामी लिस्ट नावाचा प्रकारच नाही. शेवटचा घटक निघाला की की पुसली जाते. सकाळी पहिलं आर-पुश आलं की ती पुन्हा उभी राहते. एल-लेन नसलेल्या कीलाही शून्यच सांगतं, त्यामुळे कोडमध्ये वेगळी तपासणी लागत नाही.

पण यात एक खोच आहे. एक्स्पायर लावून तुम्ही ‘आवक’ला रात्री बारापर्यंतचं आयुष्य दिलंत. दुपारी जेवणाच्या वेळी काटे मोकळे झाले, लिस्ट रिकामी पडली, की पुसली गेली आणि तिच्यासोबत मुदतही गेली. तीन वाजता नवा ट्रॅक्टर आला, नवी ‘आवक’ तयार झाली, आणि तिला मुदत नाही. ती दुसऱ्या दिवशीही तशीच राहणार. कीच्या नावातच तारीख घाला, किंवा दर पुशनंतर मुदत पुन्हा लावा. मुदत पूर्ण लिस्टला लागते, एकेका टोकनाला वेगळी देता येत नाही.

काटा मोकळा आहे, टोकन नाही. प्रोग्रामने दर सेकंदाला विचारत बसायचं का?

नका विचारू. बीएल-पॉप वापरा.

बीएल-पॉप आवक ३०

लिस्टमध्ये काही असेल तर लगेच मिळतं. नसेल तर हा क्लायंट तीस सेकंद थांबतो, दरम्यान कोणी टोकन घातलं की तत्क्षणी ते याच्या हातात येतं. शून्य दिलं तर कितीही वेळ थांबेल. तीन काटे थांबलेले असतील तर जो सगळ्यात आधीपासून थांबलाय त्याला आधी. थांबलेल्या क्लायंटमुळे सर्व्हर अडत नाही, बाकीच्यांची कामं चालू राहतात. मात्र ते कनेक्शन अडकून पडतं, म्हणून वेब अॅपच्या सामायिक कनेक्शन पूलमधून ही कमांड चालवू नका, कामगार प्रोग्रामला स्वतःचं वेगळं कनेक्शन द्या. तुमच्या लायब्ररीचा सॉकेट टाइमआउट दहा सेकंदांचा आणि बीएल-पॉपचा तीसचा, असं असलं तर दर दहा सेकंदांनी एरर येईल आणि तुम्ही रेडिसला दोष देत बसाल.

एकाहून जास्त की देता येतात. परतीच्या पावसात भिजलेला माल आधी घ्यायचा असेल तर

बीएल-पॉप भिजलेला आवक ३०

सर्व्हर डावीकडून पहिली भरलेली लिस्ट निवडतो. म्हणून उत्तरात दोन गोष्टी येतात: कीचं नाव आणि घटक. अग्रक्रमाची ही सगळ्यात स्वस्त युक्ती. भिजलेल्या मालाचा ओघ थांबलाच नाही तर साध्या रांगेतल्याचा नंबर कधीच येणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

टोकन पॉप केलं आणि तेवढ्यात काट्यावरचा कॉम्प्युटर बंद पडला. टोकन कुठे गेलं?

गेलं. पॉप म्हणजे लिस्टमधून बाहेर. सर्व्हरने तुमच्या हवाली केलं आणि विसरला. वजन होण्याआधी प्रोग्राम मेला तर त्या ट्रॅक्टरची नोंद ना रांगेत, ना काट्याच्या वहीत. लिस्टला रांग म्हणून वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नवख्या कोडमध्ये हे भोक असतं.

ते बुजवायची कमांड एल-मूव्ह. आवृत्ती ६.२ मध्ये ती आली. त्याआधी आरपॉप-एलपुश होती, जुन्या कोडमध्ये तीच दिसेल.

एल-मूव्ह आवक काटा१ लेफ्ट राइट

‘आवक’च्या डाव्या टोकावरचं टोकन निघून ‘काटा१’ नावाच्या लिस्टच्या उजव्या टोकाला बसतं आणि तुम्हालाही कळवलं जातं. हे सगळं एकाच कमांडमध्ये होतं, मधे फट नाही. टोकन कायम कुठल्या ना कुठल्या लिस्टमध्ये असतं. वजन झालं, पावती निघाली, की मग

एल-रेम काटा१ १ १४१

‘काटा१’मध्ये एका वेळी एखाददुसरंच टोकन असल्यामुळे इथे एल-रेमच्या चालत जाण्याचा त्रास नाही. थांबून वाट बघणारं रूप हवं तर बीएल-मूव्ह आहे.

प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की त्याने सगळ्यात आधी स्वतःची ‘काटा१’ लिस्ट बघायची. तिथे काही राहिलं असेल तर आधी ते उरकायचं, मगच ‘आवक’कडे वळायचं. म्हणूनच प्रत्येक काट्याला वेगळी लिस्ट द्या. सगळ्यांची एकच ‘चालू’ लिस्ट केलीत तर त्यातलं टोकन मेलेल्या प्रोग्रामचं की जिवंत, ते कळत नाही. काटा कायमचाच बंद पडला तर त्याची लिस्ट ‘आवक’च्या डाव्या टोकाला परत ढकलणारा छोटा देखरेखीचा प्रोग्राम लागतो, त्यासाठी वेळ वेगळी नोंदवावी लागते, कारण घटक लिस्टमध्ये कधी आला हे लिस्ट सांगत नाही.

या बंदोबस्ताची किंमत अशी की एखादं टोकन दोनदा हाताळलं जाऊ शकतं. वजन झालं, पावती निघाली, आणि एल-रेमच्या आधीच प्रोग्राम मेला, तर पुन्हा सुरू झाल्यावर तेच टोकन परत समोर येईल. शेतकऱ्याला एसएमएस दोनदा गेला तर चालेल. हिशेबपट्टी दोनदा निघाली तर नाही. म्हणून पावती लिहिण्याआधी ‘या टोकनाची पावती आहे का’ हे तुमच्या मुख्य डेटाबेसमध्ये बघा, आणि तिथे टोकन क्रमांकावर युनिक बंधन ठेवा.

आणखी एक मर्यादा: बीएल-मूव्हला उगमाची एकच की चालते. त्यामुळे मघाची ‘भिजलेला आवक’ ही युक्ती आणि हा बंदोबस्त एका कमांडमध्ये एकत्र मिळत नाहीत. आधी ‘भिजलेला’वर साधं एल-मूव्ह करून बघायचं, रिकामं आलं तर ‘आवक’वर थोड्या टाइमआउटचं बीएल-मूव्ह, असं चक्र लावावं लागतं.

आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. रेडिस तर मेमरीत असतं. सगळी रांग उडेल का?

मूळ सेटिंगवर ठेवलंत तर थोडी उडू शकते. रेडिस ठरावीक अंतराने मेमरीची प्रत डिस्कवर काढतं. शेवटच्या प्रतीनंतरचं गेलं. बदल कमी असतील तर हे अंतर तासाभराचंही असू शकतं. उपाय म्हणजे कॉन्फिगमध्ये अपेंड-ओन्ली चालू करणं. मग प्रत्येक बदल फाइलमध्ये लिहिला जातो आणि मूळ सेटिंगप्रमाणे दर सेकंदाला डिस्कवर पक्का होतो. लाइट गेली तर साधारण सेकंदाभराचं नुकसान. ‘ऑलवेज’ ठेवलं तर तेही वाचतं, पण प्रत्येक लेखनाला डिस्कची वाट बघावी लागते. मोंढ्याच्या गेटला दर सेकंदाचं पुरतं, सोबत सर्व्हरला यूपीएस लावा. पैशाची नोंद मात्र एकट्या रेडिसमध्ये ठेवू नका, ती पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलमध्येच हवी.

शेवटचे शंभर भाव ठेवायचेत, जुने आपोआप जायला हवेत.

एल-पुश भाव:सोयाबीन करून लगेच एल-ट्रिम भाव:सोयाबीन ० ९९. एल-ट्रिममध्ये ‘काय ठेवायचं’ ते सांगायचं असतं, काय कापायचं ते नाही. ९९ऐवजी १०० लिहिलंत तर एकशे एक राहतील. दोन्ही कमांड मल्टी आणि एक्झेक या कमांडच्या मधे गुंडाळा, म्हणजे त्या सलग चालतात, मधे दुसऱ्या कोणाची कमांड घुसत नाही. सुरुवातीचा आकडा शेवटच्यापेक्षा मोठा दिलात तर लिस्ट पूर्ण साफ होते. भाव-फलक कोरा दिसला तर आधी हेच तपासा.

एका घटकात नाव, गाव, वाण, पोती सगळं ठेवता येईल का?

घटक म्हणजे स्ट्रिंग, त्यात जेसन लिहून ठेवता येतं. लिस्टच्या आत लिस्ट नाही. पण पोत्यांची संख्या बदलली तर मधल्या घटकात हात घालावा लागतो, म्हणजे पुन्हा तेच चालत जाणं. त्यापेक्षा लिस्टमध्ये फक्त टोकन क्रमांक ठेवा आणि बाकी तपशील ‘टोकन:१४१’ अशा हॅशमध्ये, म्हणजे एका कीखाली नाव-किंमत अशा जोड्या ठेवणाऱ्या प्रकारात. मर्यादेची चिंता करू नका: एक घटक ५१२ मेगाबाइटपर्यंत आणि एका लिस्टमध्ये ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ घटक. एवढं सोयाबीन अख्ख्या मराठवाड्यात नाही.

कीला मराठी नाव खरंच चालतं?

चालतं. रेडिसला की म्हणजे नुसते बाइट. फक्त देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘तूर’मध्ये त, दीर्घ ऊकार आणि र, म्हणून नऊ बाइट, ‘सोयाबीन’चे एकवीस. रेडिसच्या कमांड लाइनवर घटक बघताना अक्षरांऐवजी सोळा-आधारी आकड्यांची लड दिसली तर घाबरू नका, डेटा शाबूत आहे. प्रोग्राम सुरू करताना आधी दोन आडव्या रेघा देऊन ‘रॉ’ हा पर्याय लिहा, मराठी दिसेल.

‘राँगटाइप’ एरर येते.

त्या नावाची की आधीच स्ट्रिंग किंवा हॅश म्हणून आहे. ‘टाइप आवक’ ही कमांड देऊन प्रकार बघा, नाव बदला.

लिस्ट सोडून स्ट्रीम कधी घ्यावी?

एकच नोंद अनेकांना वाचायची असेल तेव्हा. लिस्टमधलं टोकन एकाने काढलं की दुसऱ्याला दिसत नाही. गेटवरची प्रत्येक आवक काट्यालाही कळवायची, भाव-फलकालाही आणि हिशेबालाही, तर २०१८ च्या ५.० आवृत्तीत आलेली स्ट्रीम घ्या. तिच्यात ग्राहक-गट आणि पोचपावती आधीपासून असते, नोंद कधी आली ती वेळही आयडीत असते, एल-मूव्हची कसरत वाचते. एक रांग, दोन-तीन कामगार, एवढंच असेल तर लिस्ट पुरे. स्ट्रीमचा पसारा समजून घ्यायला जो वेळ लागतो त्यात लिस्टवर प्रोजेक्ट होऊन जातो.

रेडिस बसवू की व्हॅल्की?

मार्च २०२४ मध्ये रेडिसने परवाना बदलला, तेव्हा ७.२.४ च्या कोडवरून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की निघालं. मे २०२५ मध्ये रेडिस ८ सोबत एजीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याचाही पर्याय आला. या पानावरच्या लिस्टच्या सगळ्या कमांड दोन्हींत चालतात. तुमच्या लिनक्सच्या पॅकेजमध्ये जे सहज मिळेल ते बसवा. फक्त आवृत्ती ६.२ किंवा पुढची आहे ना ते बघा, नाहीतर एल-मूव्ह मिळणार नाही.